गणेशवाडीला आज पाणी आलंच कसं?

१

साराबाई भिंगारदिवे झेरॉक्सची पिशवी घेऊन कार्यालयात शिरल्या आणि कपाटापाशी येऊन जागच्या जागी थिजल्या. लोखंडी कपाटाचा मधला कप्पा रिकामा होता. सकाळी साडेदहाला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तिथे अठराशे बेचाळीस अर्जांचा गठ्ठा पाहिला होता. आता तिथे एक मेलेली पाल तेवढी होती, आणि तिचा या प्रकरणाशी काही संबंध नसावा.

“भाऊसाहेब!” साराबाई ओरडल्या. “बसचा गठ्ठा कुठाय?”

हेडक्लार्क ज्ञानेश्वर औटी, म्हणजे सगळ्यांचे भाऊसाहेब, नुकतेच घरून परतले होते. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली, कपाळावर घाम. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, साराबाईंकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले.

साराबाई ओरडल्या ही गोष्ट साधी नव्हती. अठ्ठावीस वर्षं त्या एसटीत वाहतूक नियंत्रक होत्या. आधी कोपरगावच्या, मग नगरच्या स्टँडवर. खिडकीसमोर तीनशे माणसं एकाच वेळी “गाडी कधी?” म्हणून कावत असताना त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. निवृत्तीनंतर बोरखडक नगरपरिषदेनं त्यांना कंत्राटावर आणलं, ते गावाला स्वतःची बससेवा मिळवून द्यायला.

बोरखडक दहा वर्षांपूर्वी नगर-पुणे रस्त्यावरचं खेडं होतं. सुप्याच्या एमआयडीसीमुळे ते असं फुगलं की लोकसंख्या पन्नास हजारांवर गेली, ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, तीन मोठ्या फ्लॅटस्कीम उभ्या राहिल्या. पाणी मात्र पाचव्या दिवशीच यायचं, आणि सुप्याच्या कारखान्यांत जायला बस नव्हती. बायका वडापच्या, म्हणजे सीटमागे भाडं घेणाऱ्या खासगी जीपमध्ये कशाबशा कोंबून बसून जायच्या. संध्याकाळी सातनंतर तीही बंद, म्हणून दुसऱ्या पाळीची चांगल्या पगाराची नोकरी हातात येऊनही सोडावी लागायची.

अशात सरकारनं सहा बसगाड्या देऊ केल्या. अट एकच होती: किमान अठराशे घरांनी महिन्याला पन्नास रुपये परिवहन शुल्क भरायला लेखी संमती द्यायची, आणि ते मूळ अर्ज नगरपरिषदेच्या प्रस्तावासकट आज संध्याकाळी पाचच्या आत नगरच्या कार्यालयात पोचवायचे. साराबाई आणि त्यांचा मदतनीस कारकून ओंकार वाळुंज महिनाभर उन्हात दारोदार हिंडले होते. टेकडीवस्तीच्या साळूबाईनं अंगठा उठवताना साराबाईंना स्पष्ट सांगितलं होतं, “बाई, आजवर लई फारम भरले. घराचं भरलं, संडासाचं भरलं. अंगठा झिजला, पन काय आलं न्हाई. ह्या खेपेला तुमी म्हनताय म्हनून उठवते.” तिच्यामागे वस्तीतल्या तीनशे बायकांनी अंगठे उठवले. ते सगळे अंगठे आता गायब होते.

“बाई, बारा दहा झालेत,” दारातून ओंकारचा आवाज आला. त्याचाही चेहरा उतरलेला होता.

नगर एका तासावर. वाटेतल्या ट्रकांची गर्दी धरून पावणेचारला निघायलाच हवं, असा साराबाईंनी मनातल्या मनात हिशेब घातला. हातात साडेतीन तास होते.

“इथं कोण होतं मघाशी?” त्यांनी विचारलं.

“कुणीच नव्हतं हो,” भाऊसाहेब रडकुंडीला येऊन म्हणाले. “पाणी आलं होतं ना!”

२

बाहेरच्या माणसाला हे उत्तर वेडगळ वाटेल. बोरखडकात ते कोर्टातसुद्धा चालेल.

कार्यालयातले अकराही कर्मचारी गणेशवाडीत राहत; मुख्याधिकारी साहेब सकाळपासून बाहेर होते. गणेशवाडीच्या पाण्याचा दिवस उद्याचा. पण आज अकरा वीसला कॉम्प्युटरवर बसणाऱ्या निकिताला तिच्या आईचा फोन आला, “पानी आलंय, पळ!” आणि दोन मिनिटांत अख्खं कार्यालय जिन्यावरून खाली. भाऊसाहेबांची खुर्ची बरोबर त्या कपाटासमोर; दुपारचा डबाही ते तिथेच खायचे. पण अकरा वीसला भाऊसाहेबही पळाले. पाचव्या दिवशी येणारं पाणी चौथ्या दिवशी आलं तर ते किती वेळ राहील, हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

साराबाई मिशन कंपाउंडात राहतात, त्यांची लाईन वेगळी. शिवाय त्या झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. परत येताना मात्र गणेशवाडीतली मौज त्यांनी पाहिली होती. दारोदार आरडाओरडा. भाऊसाहेबांच्या बायकोनं दोन टिपाडं जुन्या पाण्याची रस्त्यावर ओतली होती, कारण नवं भरायला भांडंच रिकामं नव्हतं. निकिताची आई पातेल्यांपासून कढईपर्यंत जे हाताला लागेल ते दारात मांडत होती. गल्लीभर नुसता चिखल.

त्या चिखलातून वाट काढत साराबाई छबूबाईंच्या ओट्यापाशी टेकल्या होत्या. छबूबाई म्हणजे ओंकारची आई. त्यांचं शांतपणे चाललेलं, नळी टिपाडात सोडलेली, दारची माती कोरडी. भिंतीवर सहा गोधड्या वाळत होत्या.

“घाईत न्हाई ना? बसा जरा बाई, च्या टाकते,” छबूबाई म्हणाल्या होत्या.

“नको, गठ्ठा घेऊन नगरला निघायचंय. रंग काय छान साधलेत हो,” असं म्हणत साराबाईंनी एका गोधडीवरून हात फिरवला होता. एप्रिलच्या उन्हानं ती कढत झाली होती.

“थोरल्याच्या पोरांसाठी शिवल्या. त्यो घंटागाडीवर हाय, धाकटा तुमच्यासंगं. दोगांचं बी नगरपालिकेनं भलं केलं.” एवढं बोलून छबूबाई नळीकडे वळल्या होत्या.

आता साराबाईंना त्या मौजेचा राग येत होता. कार्यालय वीस-पंचवीस मिनिटं सताड उघडं होतं. कपाटाची चावी भाऊसाहेबांच्या खणात असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणीही यावं आणि गठ्ठा उचलावा.

त्यांनी खिडकीतून खाली वाकून चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, “अरे, मघाशी सगळे पळाले तेव्हा वर कोण आलं होतं?”

“श्रीमंत पठारे, बाई,” टपरीवाला म्हणाला. “वडापवाला. हातात ही एवढी पिशवी घेऊन उतरला.”

३

श्रीमंत पठारेच्या चार जीपा सुपा रस्त्यावर चालतात. बस आली की त्याचा धंदा बसलाच. गेल्या आठवड्यात त्यानं भर कार्यालयात टेबलावर हात आपटून सांगितलं होतं की बस रस्त्यावर येऊ देणार नाही. त्यामुळे ओंकार आणि भाऊसाहेब पोलिसांत जाऊ म्हणत होते. साराबाई मात्र एकट्याच वडापच्या थांब्यावर गेल्या.

“पिशवी दाखव,” त्या म्हणाल्या.

श्रीमंत आधी तांबडालाल झाला. मग त्यानं जीपच्या सीटखालून पिशवी ओढली आणि बॉनेटवर उपडी केली. आतून कागद निघाले, पण ते अर्ज नव्हते. चाळीस वडाप ड्रायव्हरांच्या सह्यांचं हरकतपत्र, प्रत्येकाच्या लायसन्सच्या झेरॉक्ससकट.

“ह्ये द्यायला आल्तो,” तो म्हणाला. “वर गेलो, तर पंखे गरागरा फिरतेत आन मानूस एक न्हाई. कुनाला देऊ? पंख्याला? परत आलो खाली.”

“खाली कधीपासून होतास?”

“समदी पळायच्या आधीपास्नं. जीप जिन्याफुडंच लावली हुती, येकेक पळताना बघितला. हासून पोट दुखलं.”

“कुणाच्या हातात काही होतं?”

“कायबी नव्हतं. निकिताची तर चप्पल बी वरच राहिली. भाऊसायेब मोकळ्या हातानं पळाले. तुमचा ओंकार मागनं दोन मिनिटांनी उतरला, त्यो बी मोकळाच. त्याच्यामागं कुनी वर ग्येलं न्हाई. मंग मी वर जाऊन आलो आन पहिला मानूस परत येईस्तोवर हितंच बसून हुतो.”

या माणसानं चोरी केली असती तर त्यानं संशय दुसऱ्यावर ढकलला असता. अमक्याच्या हातात गाठोडं पाहिलं म्हणाला असता. हा तर उलट सगळ्यांना मोकळं करून स्वतःच एकटा अडकत होता. असं वागायला एक तर मूर्ख असावं लागतं किंवा खरं बोलत असावं लागतं, आणि चार जीपा चालवणारा माणूस मूर्ख नसतो.

तो खरं बोलत असेल तर दहा किलोंचा गठ्ठा कार्यालयाबाहेर गेलाच नव्हता. गठ्ठा आतच होता!

“पन बाई, मला येक सांगा,” श्रीमंत कागद गोळा करत म्हणाला. “गनेशवाडीचं पानी उद्या. छगननं आजच कसं सोडलं? त्याचं डोकं फिरलं का काय?”

साराबाईंनी जीपचं दार उघडलं आणि त्या आत बसल्या. “पंपहाऊसवर चल. लगेच.”

४

पंपहाऊस गावाबाहेर, खडकाच्या कपारीत. तिथं मोबाईलला रेंज नाही. व्हॉल्व्ह सोडणारा छगन तिथेच राहतो, तिथेच झोपतो, आणि कोणत्या दिवशी कोणती लाईन सोडायची याची चिठ्ठी कार्यालयातून कुणीतरी येऊन दाराच्या खिळ्याला अडकवून जातो.

“माजं काय चुकलं?” छगन साराबाईंना बघूनच घाबरला. “चिठ्ठी हुती, म्हनून सोडलं.”

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. नगरपरिषदेचा छापील कागद. ‘उद्या गणेशवाडी लाईन सकाळी ११ ते १२ सोडणे. परवा वीज बंद असल्याने पाळी एक दिवस अलीकडे.’ खाली कुणाचीही असावी अशी एक रेघोटी.

“ही कधी मिळाली तुला?”

“काल सांजच्याला. सा वाजता मोटर बंद करून आलो तवा खिळ्याला हुती.”

“अडकवताना कुणाला पाहिलंस?”

“न्हाई. मी विहिरीकडं हुतो.”

“आणि कुणाला बोललास? गावात कुणाला कळवलंस, की उद्या पाणी आहे?”

“कुनाला कळवू बाई? हितं रेंज न्हाई. मी काल सकाळपास्नं गावात पाऊल टाकलं न्हाई.”

साराबाई श्रीमंतच्या जीपमध्ये बसून रेंज येईपर्यंत खाली आल्या आणि वीज कार्यालयातल्या ओळखीच्या वायरमनला फोन लावला. उद्या बोरखडकात वीज बंद आहे का? वायरमन हसला. पुढचे पंधरा दिवस कसलंच काम काढलेलं नव्हतं.

“चिठ्ठी खोटी,” साराबाई म्हणाल्या. योगायोगानं रिकाम्या पडलेल्या कार्यालयात चोर शिरला, असं आतापर्यंत त्या समजत होत्या. प्रकरण उलटंच होतं. भाऊसाहेबांना खुर्चीवरून उठवायचं तर एकच उपाय आहे हे चोराला पक्कं माहीत होतं. त्यानं कार्यालय रिकामं करण्यासाठी एका अख्ख्या वाडीला पाणी सोडलं होतं!

अशी युक्ती परक्याला सुचली नसती. चोर कार्यालयातलाच होता, आणि काल संध्याकाळी सहापासून त्याला आजच्या पाण्याची खबर होती.

५

कार्यालयात परतेपर्यंत दोन वाजून गेले. लोकांनी टेबलाखालून, माळ्यावरून, संडासातूनसुद्धा शोध घेतला होता. साराबाई कोपऱ्यात बसल्या आणि एकेकाला बोलावलं.

भाऊसाहेबांना ही बससेवा डोकेदुखी वाटायची. “कागद वाढतात नुसते” हे त्यांचं पालुपद. पण पाण्याचं नाव काढताच ते उसळले. “दोन टिपाडं भरलेली ओतली हो आमच्या हिनं! चार दिवस पुरवून पुरवून वाचवलेलं पाणी! कालच कळलं असतं तर आंघोळ तरी पोटभर केली असती.”

निकिताचं कंत्राट बसचं काम संपेपर्यंतच होतं. काम लांबलं तर तिचा फायदाच. ती रडत होती.

“मी कशाला घेऊ मॅडम? काल चार वाजता प्रस्तावाचं शेवटचं पान, परिशिष्ट तीन, मुख्याधिकारी साहेबांनी टाईप करायला दिलं. ते ओंकारदादानं तपासलं, निघताना मी तुमची सही घेतली, झालं माझं काम. आज पाणी आलं तेव्हा घरी एक भांडं रिकामं नव्हतं. आई कढईत पाणी भरत होती, देवाशप्पथ!”

“माहिती आहे. मी पाहिलं ते,” साराबाई म्हणाल्या.

ओंकार चहा घेऊन आला. दिवसभर सगळ्यात जास्त धावपळ त्यानंच केली होती. “बाई, काही खाल्लं नाही तुम्ही,” असं म्हणून त्यानं कप समोर ठेवला आणि पुन्हा माळ्याकडे गेला.

साराबाईंनी कप उचलला. स्टँडवर असताना एखादी गाडी बेपत्ता झाली की त्या गाडीमागे धावत नसत. वाटेतल्या कुठल्या स्टँडवर ती वेळेच्या आधी पोचली, तेवढं विचारत. वेळेच्या आधी. भाऊसाहेबांकडे पाणी अचानक आलं होतं. निकिताकडे अचानक आलं होतं. अख्खी गणेशवाडी आजच्या पाण्यानं बेसावध गाठली गेली होती.

मग सहा गोधड्या कोणी धुतल्या?

कप त्यांच्या ओठांपाशीच राहिला. पाण्याच्या आदल्या दिवशी घरात असतं काय? पाणी आलंच नाही तर, म्हणून राखलेली एक-दोन टिपाडं. त्या दिवशी बोरखडकातली बाई रुमाल धुवत नाही. सहा गोधड्यांना तर टिपाडच्या टिपाड लागतं. आणि छबूबाईंच्या गोधड्या ओल्याही नव्हत्या. हाताला कढत लागाव्यात इतक्या वाळल्या होत्या. म्हणजे त्या पाणी येण्याच्या कितीतरी आधी, पहाटे धुतल्या गेल्या. साठवलेलं पाणी त्या माउलीनं बिनधास्त संपवलं होतं, टिपाडं रिकामी करून ठेवली होती. म्हणून तर तिच्या दारची माती कोरडी होती.

तिला कोणीतरी आदल्या रात्रीच सांगितलं होतं, की आई, उद्या पाणी येतंय.

साराबाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. महिनाभर जो त्यांच्या बरोबरीनं उन्हात हिंडला, ज्यानं साळूबाईचा थरथरता अंगठा स्वतःच्या हातानं धरून शाईत बुडवला, त्याचंच नाव समोर आलं होतं.

६

“ओंकार, जरा रेकॉर्डरूममध्ये चल,” साराबाई म्हणाल्या.

रेकॉर्डरूम कपाटापासून सात पावलांवर. आत छतापर्यंत लाल फडक्यात बांधलेली जुनी दप्तरं, प्रत्येकावर बोटभर धूळ. भाऊसाहेबांनी दारातून डोकावून “सगळी जुनीच आहेत” म्हणून शोध संपवला होता. साराबाई शेवटच्या रॅकपर्यंत गेल्या आणि खालच्या रांगेतून बोट फिरवत निघाल्या. सहाव्या दप्तरावरून बोट फिरलं ते स्वच्छच राहिलं.

त्यांनी गाठ सोडली. वरच साळूबाईचा अंगठा होता.

ओंकार भिंतीला टेकून उभा होता. पळायचा प्रयत्न त्यानं केला नाही.

“सगळ्यांच्या मागे दोन मिनिटं राहिलास, तेवढ्यात हलवलास,” साराबाई म्हणाल्या. “मोकळ्या हातानं उतरलास. चिठ्ठी काल तू अडकवलीस. बिनचूक होतं सगळं. फक्त आईला न सांगता राहवलं नाही तुला.”

“ती परवापासून म्हणत होती, दादाच्या पोरांच्या गोधड्या धुवायच्यात, पाणी पुरत नाही.” ओंकार म्हणाला. “एवढंच बोललो मी. धुऊन घे म्हटलं.”

“का केलंस पण? या अर्जांसाठी चपला झिजवल्यास तू!”

“परिशिष्ट तीन वाचलंत का बाई?”

साराबाईंनी पिशवीतून झेरॉक्स काढली. सहा बसगाड्यांच्या खर्चातला नगरपरिषदेचा वाटा कुठून येणार, ते त्या पानावर होतं. एकच ओळ होती. ‘घनकचरा विभागातील चौदा कंत्राटी घंटागाडी कामगारांची सेवा समाप्त करून होणाऱ्या बचतीतून.’ खाली मुख्याधिकाऱ्यांची सही. तिच्याखाली साराबाईंची.

“चौदातला एक माझा दादा आहे,” ओंकार म्हणाला. “बाकीच्या तेराजणांच्याही घरी मी अर्ज घेऊन गेलोय. त्यांनी हसत सह्या केल्यात. स्वतःची नोकरी जाणार त्या कागदावर! साहेबांनी ही ओळ सभेत वाचली नाही, कुठं सांगितली नाही. आजचा दिवस टळला असता तर सरकारच्या पुढच्या फेरीत पुन्हा भरता आलं असतं. अर्ज फाडणार नव्हतो मी, बाई. तेवढा हरामी नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“खाली तुमची सही बघितली ना.”

साराबाईंना बसायला जागा हवी होती, ती तिथे नव्हती. काल पाच वाजता निकितानं चार पानं पुढे केली आणि त्यांनी घरी जायच्या घाईत सह्या ठोकल्या. आयुष्यभर वेळापत्रकातला एक मिनिट त्यांनी तपासल्याशिवाय सोडलं नाही, आणि इथे चौदा घरांचा घास न वाचता लिहून दिला. त्यांना स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

बाहेर कुणाच्या तरी मोबाईलवर अडीचचा अलार्म वाजला. मुख्याधिकारी साहेबांची गाडी खाली थांबल्याचा आवाज आला.

“गाठ बांध,” साराबाई म्हणाल्या. “आणि इथेच थांब.”

७

“सापडला?” साहेबांनी खुर्चीत बसायच्या आधी विचारलं.

“सापडला.”

“वा! कोणी घेतला होता?”

“ते नंतर. आधी हे पान बदला, साहेब.” साराबाईंनी परिशिष्ट तीन टेबलावर ठेवलं. “सभेच्या ठरावात फक्त ‘नगरपरिषदेच्या उत्पन्नातून’ एवढंच आहे. कुठल्या उत्पन्नातून ते तुम्ही ठरवलंत. तुम्हीच बदलू शकता.”

साहेबांचा चेहरा कडक झाला. “मग पैसा आणू कुठून? बसही पाहिजे, घंटागाडीही पाहिजे!”

“गाव ज्यांच्यामुळे वाढलं त्यांच्याकडून आणा. तीन फ्लॅटस्कीमच्या नव्या इमारतींचं विकास शुल्क तुमच्याच टेबलावर ठरायचंय. तिघांच्याही जाहिरातीत छापलंय, ‘सुप्यापासून बसनं वीस मिनिटं’. बस अजून आली नाही साहेब, आणि बसच्या नावावर त्यांचे फ्लॅट खपतायत!”

साहेबांनी पान पुढे ओढलं. जाहिरात त्यांनीही पाहिली असावी.

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर गठ्ठा कुठाय ते मी विसरले. वय झालंय माझं.”

“हे ब्लॅकमेल आहे, मॅडम!”

“आहे,” साराबाई म्हणाल्या. आवाज स्टँडवरचा होता. “तीन वाजत आलेत. पावणेचारची गाडी मी कुणासाठी थांबवत नाही.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे. मग त्यांनी बेल दाबून निकिताला बोलावलं. नवं पान टाईप होऊन आलं तेव्हा साराबाईंनी ते दोनदा वाचलं, बोट ठेवून, आणि मगच सही केली.

साडेतीनला नवाच घोळ. साहेबांची गाडी नगराध्यक्ष घेऊन गेले होते आणि दुसरी गॅरेजला होती. साराबाई गठ्ठा कवटाळून जिन्यात उभ्या राहिल्या. समोर श्रीमंत जीपला टेकून उभा होता.

“बसा,” तो म्हणाला.

“अरे, हे कागद पोचले तर तुझा धंदा जाईल.”

“जाऊ द्या. टपरीवाल्यानं गावभर केलंय की गठ्ठा श्रीमंतानं चोरला. कागद न्हाई पोचले तर जल्मभर चोर म्हनून हिंडावं लागंल. ते न्हाई जमायचं मला. बसा म्हनतो ना!”

ओंकार मागे बसला, गठ्ठा मांडीवर. श्रीमंतनं ती जीप अशी पिटाळली की साराबाईंनी नगर येईपर्यंत तीनदा येशूचं नाव घेतलं. चार पन्नासला त्या काउंटरवर होत्या. चार अठ्ठावन्नला पोचपावतीवर शिक्का पडला आणि साराबाईंनी भर कार्यालयात टाळी वाजवली. तिथल्या कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. पाहू दे. टेकडीवस्तीला बस येणार होती!

परतीच्या वाटेवर श्रीमंत गाणं गुणगुणत होता. साराबाईंनी त्याला सांगितलं की सहा गाड्यांना बारा ड्रायव्हर लागतील आणि चाळीस लायसन्सच्या झेरॉक्स त्याच्या पिशवीत तयारच आहेत. तो नुसता हसला, पण गुणगुणणं थांबलं, म्हणजे विचार करत असावा.

सुप्याच्या अलीकडे ओंकारनं विचारलं, “बाई, साहेबांना नाव सांगणार?”

“मी नाही. मी त्यांना पान बदलायला लावलं, माझं झालं.”

“पण उद्या ते सगळ्यांवर संशय घेतील. भाऊसाहेबांवर. निकितावर.” त्यानं पुढच्या सीटकडे पाहिलं. “श्रीमंतभाऊंवर.”

त्याची नोकरी जाऊ शकते, हे त्याला त्यांनी सांगायची गरज नव्हती. त्यांना त्याला थांबवावंसं वाटत होतं, आणि थांबवू नये असंही वाटत होतं.

ओंकारनं मोबाईल काढला आणि नंबर लावला. जीपच्या खडखडाटात पलीकडचा आवाज त्याला ऐकू येईना. श्रीमंतनं आरशातून एकवार मागे पाहिलं. जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“साहेब, ओंकार बोलतोय,” तो म्हणाला. “गठ्ठा मी लपवला होता.”